पडद्यामागचे मौन : लखनौ, समलिंगी कलावंत आणि अभिजात चित्रपट

मार्च २०१८ मध्ये जेम्स आयव्हरी या ८९ वर्षांच्या अमेरिकी दिग्दर्शकाला 'कॉल मी बाय युवर नेम' या चित्रपटाच्या पटकथेसाठी ऑस्कर पुरस्कार मिळाला. पुरस्कार स्वीकारताना त्यांनी आपल्या दोन दिवंगत सहकाऱ्यांचे ऋण मान्य केले. त्यांपैकी एक होत्या लेखिका रूथ प्रॉवर झाबवाला आणि दुसरे, मुंबईत जन्मलेले निर्माते इस्माईल मर्चंट. मर्चंट हे चार दशकांहून अधिक काळ आयव्हरी यांचे केवळ व्यावसायिक भागीदार नव्हते, तर जीवनसाथीही होते. मात्र २००५ मध्ये मर्चंट यांचे निधन होईपर्यंत आयव्हरी यांनी या नात्याविषयी जाहीरपणे बोलणे टाळले. मर्चंट हे परंपरानिष्ठ भारतीय मुस्लिम कुटुंबातले होते आणि त्या कुटुंबाचा मान राखणे आवश्यक होते, असे कारण त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले.

त्याच वर्षी ६ सप्टेंबरला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. परंतु अभिजात चित्रपटांच्या इतिहासात समलिंगी लेखक, दिग्दर्शक आणि अभिनेते इतके अदृश्य का राहिले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना कुटुंब आणि कायदा या दोन्ही गोष्टी समोर येतात. त्या उत्तराचे अनेक धागे लखनौ शहराशी जोडलेले आहेत.

कायद्याची पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीत १८६० साली तयार झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ नुसार 'निसर्गक्रमाविरुद्धच्या' संभोगासाठी जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद होती. ज्या देशाने हा कायदा भारतात आणला, त्या इंग्लंडमध्ये १९६७ साली २१ वर्षांवरील पुरुषांमधील खासगी संबंधांना गुन्ह्यातून वगळण्यात आले. भारतात ते कलम त्यानंतरही अर्धशतक कायम राहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याचा संकोच केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरवला आणि २०१८ मध्ये स्वतःचीच ती भूमिका बदलली.

प्रत्यक्ष खटले भरले गेले, त्याहून या कलमाची भीती मोठी होती. चित्रपट हा भांडवल, परवाने, सेन्सॉर आणि प्रेक्षकांची मर्जी यांवर अवलंबून असलेला व्यवसाय. त्यात स्वतःविषयी एक वाक्य बोलणे म्हणजे स्वतःबरोबर संपूर्ण निर्मिती संकटात टाकणे होते.

लखनौचा मुलगा, लंडनचा दिग्दर्शक

वारिस हुसेन यांचा जन्म १९३८ साली लखनौमध्ये झाला. त्यांच्या आई अतिया हुसेन या अवधच्या तालुकदार घराण्यातील. लखनौच्या इसाबेला थॉबर्न महाविद्यालयात शिकलेल्या अतिया यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' या कादंबरीत फाळणीपूर्व लखनौच्या सरंजामी जीवनाचे चित्र रेखाटले. फाळणीच्या आगेमागे हे कुटुंब इंग्लंडला गेले. वारिस यांनी केंब्रिजमध्ये शिक्षण घेतले आणि १९६०च्या सुमारास ते बीबीसीत दाखल झाले.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शन वारिस हुसेन यांनी केले. मालिकेच्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट या त्या पुरुषप्रधान विभागातील तरुण स्त्री, तर दिग्दर्शक भारतीय वंशाचा पंचविशीतील तरुण. संस्थेच्या चौकटीत दोघेही उपरेच होते. वारिस हे समलिंगी आहेत आणि त्यांनी पुढे मुलाखतींतून हे मोकळेपणाने सांगितले आहे. मात्र १९६३ मध्ये तसे सांगणे इंग्लंडच्या कायद्यानुसार गुन्ह्याची कबुली देण्यासारखे ठरले असते.

१९६५ मध्ये त्यांनी बीबीसीसाठी 'अ पॅसेज टु इंडिया'ची दूरचित्रवाणी आवृत्ती दिग्दर्शित केली. सांता रामा राव यांच्या नाट्यरूपांतरावर ती आधारलेली होती. मूळ कादंबरीचे लेखक ई. एम. फॉर्स्टर हेही समलिंगी होते. दोन पुरुषांच्या प्रेमावरची त्यांची 'मॉरिस' ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहून झाली होती, पण ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये प्रकाशित झाली. म्हणजे १९६५च्या त्या कार्यक्रमाचा लेखक आणि दिग्दर्शक हे दोघेही स्वतःच्या आयुष्याविषयी मौन पाळून दुसऱ्यांच्या मैत्रीची आणि दुराव्याची कथा सांगत होते.

वारिस यांच्या 'अ टच ऑफ लव्ह' (१९६९) या चित्रपटात इयन मॅकेलन या तरुण नटाने काम केले होते. मॅकेलन यांनी आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले ते १९८८ मध्ये. समलिंगी संबंधांच्या 'प्रसारा'ला स्थानिक प्रशासनांत बंदी घालणाऱ्या ब्रिटिश तरतुदीविरुद्ध रेडिओवर वाद घालताना त्यांनी ते सांगितले. वारिस हुसेन यांनी १९९७ मध्ये 'सिक्स्थ हॅपिनेस' हा चित्रपट केला. मुंबईचे पारशी लेखक फिरदौस कांगा यांच्या 'ट्राइंग टु ग्रो' या आत्मकथनात्मक कादंबरीवर तो बेतलेला होता. हाडे ठिसूळ होण्याच्या जन्मजात विकाराने ग्रस्त असलेल्या मुंबईकर तरुणाच्या वाढीची आणि त्याच्या समलिंगी आकर्षणाची ही कथा. पटकथा कांगा यांनीच लिहिली आणि मुख्य भूमिकाही त्यांनीच केली. लेखक, दिग्दर्शक आणि नट या तिन्ही भूमिकांत समलिंगी कलावंत असलेला आणि ते लपवण्याची गरज नसलेला असा हा चित्रपट. लखनौहून निघालेल्या दिग्दर्शकाला तिथवर पोहोचायला तीन दशकांहून अधिक काळ लागला.

ला मार्टिनियरच्या आवारात

क्लॉड मार्टिन या फ्रेंच अधिकाऱ्याने उभारलेली लखनौची ला मार्टिनियर ही वास्तू अनेक चित्रपटांत दिसते. आयव्हरी आणि मर्चंट यांच्या 'शेक्सपिअरवाला' (१९६५) या चित्रपटाचा काही भाग तेथे चित्रित झाला. स्वतंत्र भारतात गावोगाव शेक्सपिअरची नाटके करत फिरणाऱ्या आणि हळूहळू प्रेक्षक गमावणाऱ्या एका इंग्रजी नाटक मंडळीची ही गोष्ट. जेफ्री केंडल यांच्या खऱ्या नाटक मंडळीच्या अनुभवांवर ती आधारलेली होती. शशी कपूर आणि फेलिसिटी केंडल यांच्या प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटाला सत्यजित राय यांनी संगीत दिले. मधुर जाफरी यांना बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

मर्चंट, आयव्हरी आणि झाबवाला या त्रयीने पुढे अनेक चित्रपट केले. त्यातील सर्वांत धाडसी निर्णय होता १९८७ चा. त्या वर्षी मर्चंट यांनी फॉर्स्टर यांच्या 'मॉरिस'वर चित्रपट निर्माण केला आणि आयव्हरी यांनी तो दिग्दर्शित केला. एड्सच्या भीतीमुळे समलिंगी पुरुषांविषयीचा द्वेष तीव्र झाला होता, तो हा काळ. तोवर पडद्यावरील समलिंगी पात्राच्या वाट्याला बहुधा आत्महत्या, खून किंवा वेड यांपैकी एक शेवट येई. 'मॉरिस'मधील दोन प्रेमिक मात्र एकत्र राहतात. व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाला दिग्दर्शनाचे आणि अभिनयाचे पुरस्कार मिळाले.

पडद्यावर दोन पुरुषांच्या सुखी शेवटासाठी पैसा उभा करणारा निर्माता स्वतःच्या आयुष्याबद्दल मात्र बोलू शकत नव्हता. ही विसंगती दांभिकतेची मानणे सोपे आहे; परंतु ज्या घरावर प्रेम आहे त्या घराला दुखवायचे नाही आणि ज्या माणसावर प्रेम आहे त्यालाही सोडायचे नाही, अशा अवस्थेत अनेकांनी हाच मार्ग पत्करला.

कथेत आले, पडद्यावर राहिले

लेखनात जे शक्य होते ते चित्रपटात शक्य नव्हते, याचे उदाहरणही लखनौत सापडते. इसाबेला थॉबर्नच्याच विद्यार्थिनी असलेल्या इस्मत चुगताई यांनी १९४२ मध्ये 'लिहाफ' ही कथा लिहिली. नवऱ्याने दुर्लक्षिलेली बेगम आणि तिची दासी यांच्यातील संबंध एका लहान मुलीच्या नजरेतून सूचित करणाऱ्या या कथेवर लाहोरमध्ये अश्लीलतेचा खटला चालला आणि इस्मत निर्दोष सुटल्या. पुढे त्यांनी 'जिद्दी', 'आरजू' अशा हिंदी चित्रपटांसाठी लेखन केले, परंतु 'लिहाफ'चा विषय त्या काळच्या पडद्यापर्यंत पोहोचला नाही.

'चौदहवी का चाँद' (१९६०) पासून 'उमराव जान' (१९८१) पर्यंत हिंदी चित्रपटांनी लखनौची तहजीब, मुशायरे, कोठे आणि गझल यांचा मनमुराद उपयोग केला. याच शहरात अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात 'रेख्ती' हा काव्यप्रकार बहरला होता. रंगीन आणि इन्शा यांच्यासारखे पुरुष कवी त्यात स्त्रियांच्या बोलीत लिहीत आणि स्त्रियांमधील प्रेमाचा उल्लेख मोकळेपणाने करीत. पुढच्या काळातील समीक्षकांनी रेख्तीला अश्लील ठरवून बाजूला सारले. चित्रपटांनी जे लखनौ उचलले, ते या गाळणीतून आलेले होते.

तरीही प्रयत्न झाले. कमलेश्वर यांच्या मैनपुरीच्या पार्श्वभूमीवरील कादंबरीवरून प्रेम कपूर यांनी १९७१ मध्ये 'बदनाम बस्ती' हा चित्रपट केला. दोन पुरुषांमधील आकर्षण दाखवणारा हा भारतातील बहुधा पहिला चित्रपट. तो अनेक दशके हरवल्यासारखाच होता. २०१९ मध्ये त्याची प्रत बर्लिनच्या एका चित्रपट संग्रहात सापडली. मराठीत जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटाने महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या नात्याला आणि त्यावरील व्यवस्थापनाच्या प्रतिक्रियेला कथानकात स्थान दिले.

लखनौचा इतिहासकार

हा दडलेला वारसा एकत्र करण्याचे मोठे काम लखनौच्याच एका अभ्यासकाने केले. सलीम किदवाई यांचा जन्म १९५१ चा. दिल्लीच्या रामजस महाविद्यालयात त्यांनी इतिहास शिकवला आणि अध्यापन सोडल्यानंतर ते लखनौला परतले. रूथ वनिता यांच्यासह त्यांनी संपादित केलेला 'सेम-सेक्स लव्ह इन इंडिया' हा ग्रंथ २००० साली प्रकाशित झाला. प्राचीन काळापासून विसाव्या शतकापर्यंतच्या भारतीय भाषांतील उतारे त्यात एकत्र आले. समलिंगी प्रेम ही पाश्चात्त्य आयात आहे, या समजाला त्यातून कागदोपत्री उत्तर मिळाले. स्वतः समलिंगी असल्याचे किदवाई उघडपणे सांगत. २०२१ मध्ये लखनौमध्येच त्यांचे निधन झाले.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, जुलै २००१ मध्ये, एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या दोन संस्थांच्या कार्यकर्त्यांना लखनौ पोलिसांनी कलम ३७७ सह अन्य कलमांखाली अटक केली. त्यांना दीड महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहावे लागले. वारसा पुस्तकात सिद्ध झाला, तरी कायदा रस्त्यावर तसाच होता.

नाव कोणी द्यावे?

आज जुन्या चित्रपटांकडे पाहताना अमुक नट किंवा तमुक दिग्दर्शक समलिंगी होता का, अशी चर्चा रंगते. येथे सावधगिरी आवश्यक आहे. वारिस हुसेन, आयव्हरी, मॅकेलन आणि किदवाई यांनी स्वतःविषयी स्वतः सांगितले आहे. ज्यांनी काहीच सांगितले नाही, त्यांच्यावर अफवेच्या आधारे शिक्का मारणे हा इतिहास नव्हे. कलम ३७७ने हेच तर केले होते. माणसाच्या खासगी आयुष्याचा अर्थ दुसऱ्यांनी ठरवला होता.

याचा सर्वांत वेदनादायक दाखला मराठी वाचकांना जवळचा आहे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे कवी प्रा. रामचंद्र सिरस यांच्या घरात घुसून फेब्रुवारी २०१० मध्ये काहींनी चित्रीकरण केले आणि त्यानंतर विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिलच्या आरंभी त्यांच्या बाजूने आदेश दिला. त्यानंतर काही दिवसांतच ते घरी मृतावस्थेत आढळले. हंसल मेहता यांच्या 'अलिगढ' या चित्रपटात मनोज बाजपेयी यांनी साकारलेले सिरस स्वतःला 'गे' म्हणवून घ्यायला कचरतात. इतका लहान शब्द आपल्या भावनांना पुरा पडत नाही, असे त्यांना वाटते.

मर्चंट गप्प राहिले, तर सिरस यांना गप्प राहण्याचाही अधिकार मिळाला नाही. अभिजात चित्रपटांतील समलिंगी कलावंतांचा इतिहास लिहिताना या दोन टोकांचे भान ठेवावे लागेल. बोलण्याचे स्वातंत्र्य जितके महत्त्वाचे, तितकेच न बोलण्याचेही. २०१८ च्या निकालाने कायद्याची भीती दूर केली. घराची आणि समाजाची भीती कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने एका दिवसात जात नाही.