वळूचं देवक

"जखम एवढी मोठी, मग पू का धरत नाही?"

शिरूर तालुक्यात भीमेकाठच्या एका वस्तीवर तिथल्या एका आजींनी हे विचारलं आणि त्या एका प्रश्नापायी मी त्या भागात पुन्हा पुन्हा जाऊ लागले. त्यांच्या दोन-अडीच महिन्यांच्या एचएफ (होल्स्टिन) कालवडीची नाळ सुजली होती, हिरड्या लालभडक होत्या आणि तोंडाला आंबूस, कुजका वास होता. तो वास अजून नाकातून जात नाही. पशुवैद्यांनी इंजेक्शनं दिली की चार दिवस बरं, औषध थांबलं की पुन्हा तेच. आजींचा हिशेब पिढ्यांचा होता: घाण आत गेली की पू होतो, पू निघाला की जखम भरते. इथे पूच नव्हता.

पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या पांढऱ्या पेशी. तो नसेल तर एक शक्यता अशीही उरते, की त्या पेशी जखमेपर्यंत पोचल्याच नाहीत.

ज्यांच्या मोटारसायकलवर बसून मी आले होते ते कृत्रिम रेतनवाले भाऊ माझ्या या शंकेला हसले. "ताई, नाळेचं दुखणं दर चार गोठ्यांत एक सापडतं. वासरू पडल्यावर आयोडीन लावायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. शंभरातली नव्व्याण्णव त्यातलीच." त्यांचं बरोबरच असणार. कालवड पुढे गेली. तिचं रक्त कुणी काढलं नाही. गेलेल्या वासराचं रक्त काढायला पैसे मोजणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही, आणि त्यात त्याचा दोष आहे असंही वाटत नाही. पण शंभरावं वासरू कशाने जातं, हे मला पाहायचं होतं.

भाऊंना सगळे 'डॉक्टर' म्हणतात. ते डॉक्टर नाहीत, ते तसं सांगतातही, कुणी ऐकत नाही. पहाटे फोन सुरू होतात: "गाय रात्रीपासून हंबरतेय", "बळस टाकलाय, लवकर या." न्हावऱ्याकडून निघायचं, पारगावचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात शिरायचं, केडगाव-वरवंडच्या बाजूचे गोठे करून दुपारी परत. मागे कॅरिअरला नायट्रोजनचं भांडं बांधलेलं, आत उणे 196 अंशांत बुडालेल्या वीर्याच्या कांड्या. कांडी काढायची, 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून गनमध्ये भरायची, गाय भरवायची. एवढंच काम, आणि भाऊंचा हात इतका सरावलेला की गाय रवंथही थांबवत नाही.

मी मात्र दर वेळी एकाच क्षणाकडे बघत राहायचे. पाण्यातून काढलेली पाव मिलिलिटरची कांडी ते पुसतात, डोळ्यांसमोर धरतात आणि तिच्यावरचा वळूचा नंबर मोठ्याने वाचतात. मग तो वहीत लिहितात. ऐकणारं बहुतेक वेळा कुणी नसतं. मालक धार काढत असतो, नाहीतर डेअरीची गाडी आली म्हणून पळत असतो. तरी भाऊ मोठ्यानेच वाचतात.

या दोन तालुक्यांत संकरित गाय घरोघरी दिसते, त्यामागे शेजारच्या उरुळी कांचनचा मोठा वाटा आहे. 1946 साली गांधीजींनी तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि त्यांचे अनुयायी मणिभाई देसाई तिथेच राहिले. 1967 साली त्यांनी 'बाएफ' उभी केली. गोठ्याच्या दारात जाऊन गाय भरवून द्यायची, ही पद्धत महाराष्ट्रात रुजवण्यात या संस्थेचा हात आहे. कमी पाण्याच्या या टापूत दुधाने कितीतरी घरं सावरली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण कांडीची ताकद तीच तिची जोखीमही आहे. गावच्या वळूने दोष दिला तर तो पंचक्रोशीपुरता राहतो. वीर्यकेंद्रातल्या वळूच्या एका वेळच्या वीर्यातून शेकडो कांड्या होतात, आयुष्यभरात हजारो. अमेरिकेत हे घडून गेलं आहे. ओसबॉर्नडेल आयव्हॅन्हो नावाचा एक होल्स्टिन वळू होता. त्याच्या वंशातल्या कार्लिन-एम आयव्हॅन्हो बेलच्या लेकी दुधाला इतक्या चांगल्या निघाल्या, की त्याचं वीर्य जगभर गेलं. दुधाबरोबर आणखी एक गोष्ट गेली, जी कुणाला दिसत नव्हती. 1980च्या दशकात वासरं मरू लागली: निमोनिया, हगवण, तोंडात व्रण, दात हलणारे, वाढ खुंटलेली. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी अफाट. निरोगी गाईत मायक्रोलिटरमागे 4 ते 12 हजार असतात, या वासरांत 40 हजारांच्या वर. फौज तयार, आणि तरी वासरू साध्या जंतूने मरतं. आयोवातल्या एम्स इथल्या शास्त्रज्ञांनी 1992 साली त्याचं मूळ शोधून काढलं. तेव्हा तपासलेल्या अमेरिकी होल्स्टिन वळूंपैकी सुमारे 14 टक्के या दोषाचे वाहक निघाले. रोगाचं नाव बोवाइन ल्युकोसाइट अ‍ॅडहीजन डेफिशियन्सी, सगळे 'ब्लॅड' म्हणतात.

दोष किती मोठा? एका अक्षराचा. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जनुकचाचणी करणाऱ्या बाईंनी मला तो आकडा पहिल्यांदा सांगितला. "तीनशे त्र्याऐंशी," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं जिथल्या तिथे. 383 वर 'ए' पाहिजे, तिथे 'जी' बसलाय." सीडी18 नावाचं प्रथिन घडवणाऱ्या जनुकातलं 383वं अक्षर. ते बदललं की प्रथिनाच्या साखळीत 128 व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसिन येतं. तेवढ्याने वासरू का मरावं, हे समजायला पेशीच्या आत काय चालतं ते बघावं लागतं.

जंतू शिरले की तिथल्या पेशी रसायनं सोडतात. इंटरल्युकिन-8 हे त्यातलं एक. रक्तवाहिनीच्या भिंतीलगत घरंगळत चाललेल्या पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर या रसायनाचा ग्राहक असतो. रसायन बाहेरच राहतं, आत जातो तो फक्त निरोप. ग्राहकाला लागून असलेलं जी-प्रथिन सुटतं, त्याच्यामुळे पुढे रॅप-1 जागं होतं, ते टॅलिनला पटलाच्या आतल्या बाजूशी आणतं, जोडीला किंडलिन येतं आणि दोघं मिळून इंटिग्रिन या प्रथिनाची आतली शेपटी धरतात. शेपटी धरली, की एरवी वाकून मिटलेलं त्याचं बाहेरचं टोक ताठ होतं, उघडतं आणि भिंतीला घट्ट पकडतं. हे सगळं सेकंदाच्या आत. भीमेच्या पुरात वाहत जाणाऱ्याने काठचं झुडूप पकडून अंग बाहेर ओढून घ्यावं, तशी ती पेशी थांबते आणि भिंतीतल्या फटीतून जखमेकडे सरकते.

या इंटिग्रिनचा एक अर्धा भाग म्हणजे सीडी18. 383 चुकलं की तो आपल्या जोडीदाराशी नीट जुळत नाही आणि पेशीच्या पृष्ठभागावर जवळजवळ पोचतच नाही. निरोप येतो, आत शेवटपर्यंत जातो, हुकूमही सुटतो. पकडायला काही नसतं. पेशी घरंगळत पुढे निघून जाते आणि रक्तातली संख्या वाढत राहते. जखमेत पू होत नाही.

हे गाईपुरतं नाही. माणसात याच जनुकातल्या बिघाडाने असाच आजार होतो. बाळाची नाळ एक-दोन आठवड्यांत पडायची ती महिना महिना पडत नाही, आणि जाणते डॉक्टर तिथेच सावध होतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. पांढऱ्या पेशींवर सीडी18 आहे की नाही, हे तिथे तपासतात. माणसात याच्या उलटाही एक प्रकार सापडतो. त्यात इंटिग्रिन जागेवर असतं, पण किंडलिन-3 तयार होत नाही, म्हणजे निरोप शेवटच्या टप्प्यात अडकतो. बाळाची गत जवळपास तीच, वर रक्तस्रावाची भर. मामेबहीण-आतेभाऊ अशा नात्यातल्या लग्नांत असे आजार जास्त दिसतात, कारण दोष दोन्हीकडून आला तरच प्रकट होतो. एकाच बाजूने आला तर आयुष्य बिनघोर जातं. वाहक वळू म्हणूनच तर एवढा देखणा असतो.

प्रयोगशाळेतल्या बाईंचं काम बघायला गेले तेव्हा मला काहीतरी भव्य दिसेल असं वाटलं होतं. दिसल्या त्या रेघा. वळूच्या रक्तातून डीएनए काढायचा, 383च्या आसपासचा 58 अक्षरांचा तुकडा पीसीआरने वाढवायचा, त्यात टॅक-वन हे विकर घालायचं. अक्षर बरोबर असेल तर विकर तुकडा कापतं, 32 आणि 26 असे दोन होतात. अक्षर चुकलेलं असेल तर 58 तसाच राहतो. जेलवर विजेचा प्रवाह देऊन तुकडे धावू दिले, की निरोगी वळूच्या दोन रेघा उमटतात. तीन उमटल्या तर वाहक. बाई एकेका रकान्यावर बोट ठेवत होत्या: दोन, दोन, दोन, दोन. "तीन आल्या तर?" मी विचारलं. "मग तो वळू वीर्यकेंद्रात राहत नाही." सरकारी नियमावलीत होल्स्टिन आणि त्यांच्या संकरित वळूंना ब्लॅडसह आणखी काही जनुकीय दोषांच्या चाचण्या सक्तीच्या आहेत. परदेशी होल्स्टिन वळूच्या वंशावळीत नावामागे 'टीएल' असेल तर तो तपासून निर्दोष ठरलेला, 'बीएल' असेल तर वाहक. माझ्या मते त्या जेलवरच्या तिसऱ्या रेघेने गोठ्यांतल्या औषधाच्या बाटल्यांपेक्षा जास्त वासरं वाचवली आहेत, आणि त्या बाईंना ओळखणारा एकही शेतकरी शिरूर-दौंडमध्ये भेटणार नाही.

तपासणीची ही साखळी तुटते ती गोठ्याच्या दारात. ब्लॅड चाळून काढला म्हणून जनुकांतले सगळे दोष गेले असं नाही. बेलच्याच वंशातून मणक्याचा एक विकार पसरला, आणि तो डॅनिश शास्त्रज्ञांच्या लक्षात यायला आणखी काही वर्षं गेली. आज निर्दोष दिसणाऱ्या वळूतही असं एखादं अक्षर दबलेलं असू शकतं, आणि त्यावर साधा उपाय एकच: बाप आणि लेक एकत्र येऊ द्यायचे नाहीत. त्यासाठी बाप माहीत असावा लागतो. गाईच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो, पण मालकाला विचारावं की ही कोणत्या वळूची, तर उत्तर येतं, "डॉक्टरांना ठाऊक." आणि जिथे कांडी दोनदा उलटली म्हणून शेजारचा वळू आणला जातो, तिथे डॉक्टरांनाही नसतं. 5 ऑक्टोबर 2024 ला वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते गाईंच्या जनुकतपासणीची देशी 'गौ चिप' जाहीर झाली. चांगलंच आहे. मात्र भाऊंची वही त्या दिवशीही रबरबँड लावून गाडीच्या डिकीतच होती.

केडगावजवळच्या एका गोठ्यात यावरून थोडी बोलाचाली झाली. मालकांनी दोन वर्षांची कालवड दाखवली, पहिल्यांदा माजावर आलेली, उंच. "हिच्या आईला घातला तोच वळू घाला. बघा कसली निघालीय!" भाऊंनी वही काढली, पानं उलटली, नंबरावर बोट ठेवलं.

"काका, तो हिचा बाप आहे."

"असू दे की. जनावर आहे ते."

"पोरीची सोयरीक करताना देवक बघता ना?"

"बघतो. पण वळूचं देवक कोण बघतंय?"

"मी बघतो," भाऊ म्हणाले, आणि भांड्यातून दुसऱ्याच वळूची कांडी वर काढली. काकांनी तोंड वाकडं केलं. दूध तेवढंच देईल का, हे त्यांनी कांडी पाण्यात असताना दोनदा विचारलं, गाय भरवून झाल्यावर पुन्हा एकदा, आणि पैसे देताना पन्नास रुपये कमी दिले.