सुभेदारसाहेबांची छाती, पदकांची कड

स्थळ बेळगाव, साल 1923. आदल्याच वर्षी सहा जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री केली आहे आणि नव्या रंगरुटांचं शिक्षण बेळगावात चालतं. ज्याचा हा दिवस, त्या सुभेदाराला मुद्दामच नाव देत नाही. त्याच्यासारखे पुष्कळ होते. 1899 साली शिपाई म्हणून, पुढे 110वी झालेल्या पलटणीत भरती झाला, आता केस पिकलेत.

पहाटे पाच. बिगुल वाजायच्या आत तो उठलेला असतो. पदकं ट्रंकेत, फडक्यात गुंडाळलेली. रोजच्या खाकीवर फक्त फितीच असतात. पहिली गडद निळी, दोन्ही कडांना किरमिजी: इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, दुसरा वर्ग. हा मान कंपनी सरकारने 1837 साली सुरू केला. 1911पर्यंत हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळूच शकत नसे, म्हणून कितीही मोठा पराक्रम केला तरी त्याची धाव इथवरच होती. पुढे महायुद्धाच्या तीन फिती. त्या जवळजवळ सगळ्यांकडेच आहेत.

सहा ते नऊ, परेड. लाइट इन्फन्ट्रीची चाल झपझप, मिनिटाला 140 पावलं. कोकणातली आणि घाटावरची पोरं आठवडाभर धापा टाकतात. सुभेदार ओरडतो कमी, बघतो जास्त. साडेसातला कंपनीचा लेफ्टनंट घोड्यावरून येतो. सुभेदाराच्या नोकरीइतकंही त्याचं वय नाही. सुभेदार कडक सलाम ठोकतो. ठोकावाच लागतो: व्हाइसरॉयच्या सनदेचा कितीही जुना अधिकारी राजाच्या सनदेच्या कालच्या पोराच्या हाताखालीच. छातीवर काय आहे, याने त्यात काडीचा फरक पडत नाही. मला या सबंध दिवसातली हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

दहा. ऑर्डरली रूम. रजेचे अर्ज, एक हरवलेला पट्टा, दोन भांडणं.

अकरा. कचेरीच्या व्हरांड्यात चिपळूणकडची एक बाई दिरासोबत येऊन बसली आहे. नवरा मेसोपोटेमियात कामी आला, त्याची पदकं आता निघाली आहेत. टपालाने गेलेली डबी पत्ता चुकून परत आली, म्हणून ती स्वतः आली. अंगठ्याच्या ठशावर सुभेदाराला साक्ष घालायची आहे. डबी उघडते. एक पितळी रंगाचा तारा, एक चांदीचं पदक, एक सोनेरी झाक असलेलं.

“यास्नी काय पैसं मिळत्यात का, सुभेदारसाहेब?”

“न्हाई, वैनी. लढाईच्या पदकाला पैसं नसत्यात. पेन्शन निराळी.”

ती चांदीचं पदक तळहातावर जोखते. वजन चांगलं आहे. सुभेदाराला तिचा विचार कळतो. तो पदक घेऊन त्याची कड तिला दाखवतो. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं कडेवर ठोकलेलं. पलटणीच्या शाळेत रोमन उर्दू शिकल्यामुळे त्याला ही अक्षरं लागतात. तो नाव मोठ्याने वाचतो. दीर मान खाली घालतो.

मागे पाणी भरणारा भिस्ती उभा आहे. तोही मेसोपोटेमियात, बसऱ्याला होता. युद्धाचं तेच पदक त्यालाही मिळालं आहे, पण चांदीचं नाही, काशाचं. मैदानातल्या बिगरलढाऊ नोकरांसाठी धातूच वेगळा ठरवला होता. उन्हाळा दोघांनाही सारखाच लागला असणार.

दुपारी जेवण आणि थोडी झोप.

चार. दरबार. आज ट्रंकेतलं सगळं बाहेर निघतं. गळ्यात किरमिजी फितीला ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडियाचा बिल्ला, दुसरा वर्ग, किताब ‘बहादूर’. त्याच्याबरोबर रोज एक रुपया. लढाईआधी शिपायाचा महिन्याचा पगारच अकरा रुपये होता, त्यावरून या रुपयाची किंमत कळावी. ऑर्डर ऑफ मेरिटलाही भत्ता आहे, आणि सुभेदार मेल्यावर तो बायकोला तीन वर्षं मिळेल. या घरात मुलीचं लग्न ठरलंय ते या दोन गोष्टींच्या भरवशावर.

एक रंगरूट धीर करून विचारतो, साहेब, हे कशाबद्दल? सुभेदार म्हणतो, “टेसिफॉन.” नोव्हेंबर 1915, बगदादच्या अलीकडे. तो तिथे जखमी झाला आणि जखमींच्या बोटीतून बसऱ्याला गेला, म्हणून पुढे तुर्कांनी कुत शहराला घातलेल्या वेढ्यातून वाचला. त्याची पलटण वेढ्यात सापडली. 147 दिवसांनी, 29 एप्रिल 1916 रोजी, सुमारे तेरा हजार लोक शरण गेले. पुढे कैदेत किती मेले, हे तो पोराला सांगत नाही.

सात. हजेरी. आठ. कंदील, आणि फडक्यात परत गुंडाळलेली पदकं.

मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी उभारलेलं बसऱ्याचं स्मारक 1929 साली उघडलं. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपायांची नाहीत: पलटणीचं नाव, आणि पुढे नुसता आकडा. चिपळूणच्या त्या बाईच्या नवऱ्याचं नाव पदकाच्या कडेवर होतं, बसऱ्याच्या दगडावर नव्हतं. अशी कितीतरी चांदीची पदकं सोनाराच्या मुशीत गेली. तुमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत एखादं उरलं असेल, तर चमकवायच्या आधी भिंग घेऊन त्याची कड वाचा, आणि नंबर, नाव, पलटण वहीत उतरवून ठेवा.