रद्दीतला धागा

भारतात तयार होणारा सुमारे ७० टक्के कागद रद्दीपासून होतो. लाकूड आणि बांबूचा वाटा त्याखालोखाल. गव्हाचं काड आणि उसाच्या चिपाडाचा त्याहून लहान. म्हणजे हा धंदा जंगलापेक्षा भंगारवाल्याच्या काट्यावर जास्त चालतो.

वापी किंवा मुझफ्फरनगरच्या गिरणीत रद्दीच्या गाठी आधी पल्परमध्ये पडतात. पल्पर म्हणजे तळाशी पातं फिरणारं भलंमोठं टाकं. पाण्यात घुसळला की कागद सुटून त्याचे तंतू मोकळे होतात. पिना, वाळू, चिकटपट्ट्या पुढच्या चाळण्यांत अडकतात. पांढरा कागद हवा असेल तर लगद्यात साबण घालून खालून हवा सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसासोबत वर येतात आणि तो फेस काढून टाकतात. मग लगद्यात इतकं पाणी घालतात की तंतू जेमतेम एक टक्का उरतो. हे पाणी धावत्या जाळीवर पसरलं की खाली निथळतं आणि वर तंतूंचा ओला पापुद्रा राहतो. रुळांखाली दबून, वाफेने तापलेल्या सिलिंडरांवर सुकून त्याचा कागद होतो. तंतू धरून ठेवायला गोंद लागत नाही. सुकताना ते एकमेकांना आपणच घट्ट धरतात.

खरी अडचण इथेच आहे. दर वेळी सुकताना तंतू कडक होतो, दर वेळी घुसळताना तुटतो. पाच-सात फेऱ्यांनंतर त्याचा चुरा होऊन पाण्याबरोबर निघून जातो. शिवाय आपल्या निलगिरीचा तंतू मुळातच एक मिलिमीटरच्या आतबाहेर. थंड देशांतल्या पाइनचा तीन मिलिमीटरच्या आसपास. खोक्याला ताकद हवी म्हणून गिरण्या अमेरिका-युरोपातली रद्दी विकत घेतात. जहाजाचं भाडं किंवा डॉलर चढला की इकडे पुठ्ठ्याचा भाव हलतो.

मग नवा तंतू आणायचा कुठून? १९८८च्या वननीतीने गिरण्यांना सांगितलं की लाकूड जंगलातून नको, शेतकऱ्यांकडून घ्या. तेव्हापासून आंध्र-तेलंगणात सुबाभूळ, निलगिरी आणि सुरूच्या लागवडी वाढल्या. बांबू वापरणाऱ्या बल्लारपूरच्या गिरणीच्या शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा हक्क मिळाला. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. कच्चा माल देणाऱ्याला भाव ठरवता आला, तरच तो पुढची लागवड करील.

लाकूड-बांबूनंतर उरतो शेतातला चोथा, पण गव्हाच्या काडात सिलिका फार. लगदा शिजवल्यावर उरणारं काळं पाणी आटवून जाळायचं आणि त्यातला सोडा परत मिळवायचा, ही मोठ्या गिरण्यांची रीत. सिलिका नळ्यांत साचून ही रीत अडवते. त्यामुळे अनेक लहान गिरण्यांचं काळं पाणी नदीत गेलं. उसाचं चिपाड त्या मानाने सोयीचं. तमिळनाडू सरकारने १९७९ साली स्थापन केलेल्या कंपनीची करूरजवळची गिरणी साखर कारखान्यांना बॉयलरसाठी इंधन देते आणि बदल्यात चिपाड घेते. महाराष्ट्रातले कारखाने मात्र चिपाड जाळून वीज विकतात. कागदवाल्याचा भाव विजेच्या उत्पन्नाला मागे टाकेल, तेव्हाच चिपाड त्याच्याकडे वळेल.

तोवर हाताशी आहे ती घरातली रद्दी. ऑनलाइन खरेदीमुळे खोकी वाढत आहेत आणि त्यांतला पुष्कळ पुठ्ठा खरकट्यात भिजतो. अशा पुठ्ठ्याची गाठ आली की गिरणीच्या दारात तिच्यात ओल मोजणारी सळई खुपसतात आणि पाण्याचं वजन कापून पैसे देतात.