कोकणी मुस्लिमांची नावे: अर्थ आणि मूळ

पाताळगंगेकाठच्या आपट्यावरून ‘आपटेकर’ हे बेने इस्रायली (म्हणजे कोकणातील ज्यू) आडनाव पडले, आणि रायगडातील कोकणी मुस्लिमांतही गावावरून घेतलेली ‘कर’ प्रत्ययाची आडनावे रूढ असल्यामुळे, आडनाव कोकणच्या मातीतले व नाव सेमिटिक भाषाकुळातले अशी जोडी दोन्ही समाजांत आढळते. अरबीतील इब्राहिम, मूसा व युसूफ म्हणजे हिब्रू परंपरेतील अब्राहम, मोझेस व जोसेफच होत.

सातव्या दिवशी होणाऱ्या अकीका या जावळाच्या व कुर्बानीच्या विधीच्या वेळी बाळाचे नाव ठेवण्याची प्रथा आहे. अरबी नावे बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून घडतात: ‘ह-म-द’ म्हणजे स्तुती, त्यातून मोहम्मद, अहमद, महमूद आणि हमीद. मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई यांचे नाव याच धातूचे, अर्थ ‘स्तुत्य’. ‘अब्द’ म्हणजे दास आणि ‘उल’मध्ये दडलेले ‘अल’ हे निश्चयवाचक उपपद, त्यामुळे नुसते ‘अब्दुल’ ही हाक व्याकरणदृष्ट्या अर्धीच राहते. १९८० मध्ये मुख्यमंत्री झालेले, आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले यांच्या पूर्ण नावाचा अर्थ ‘परमदयाळूचा दास’ असा होतो.

फिरोज (विजयी) व परवीन (कृत्तिका नक्षत्र) ही नावे मात्र फारसी आहेत. मराठी लिपीत काही भेद पुसले जातात: अरबी ‘कमर’ म्हणजे चंद्र, तर फारसी ‘कमर’ म्हणजे आपली कंबर, आणि लिहिताना दोन्ही अगदी सारखीच!