पोलादी कवच आणि पहारीचा घाव

रस्ता खणावयास आपल्याकडे मुहूर्त लागत नाही. बुजवावयास मात्र पंचांग पाहावे लागते. बडोद्याच्या नागरवाड्यासारख्या जुन्या वस्तीत ही व्यथा आता केवळ धुळीची व खड्ड्यांची राहिलेली नाही. तेथील अरुंद गल्ल्यांच्या पोटात पाण्याचे नळ, गटारे आणि इंधनवायूच्या नळ्या आधीच दाटीने नांदत आहेत. त्यांच्या शेजारी जी काचतंतूची केबल येते, तिच्यावर आज बँकेचा व्यवहार, विद्यार्थ्याचा अर्ज आणि रुग्णालयाची नोंद अवलंबून असते.

शुद्ध काचेचा, मिलिमीटरच्या अष्टमांश जाडीचा धागा आणि त्यातून प्रकाशरूपाने धावणारे संदेश, असे हे नवल आहे. १९७९ साली पुण्यात दूरध्वनी केंद्रे जोडण्यासाठी ते आपल्या देशात प्रथम अवतरले. या नाजूक धाग्याला ओल, दगडाचे टोक आणि घुशीचे दात या तिघांचे भय. म्हणून जमिनीत पुरावयाच्या केबलीत ओल अडविणारा लेप, नालीदार पोलादी पत्र्याचे चिलखत आणि त्यावर प्लॅस्टिकचे जाड आवरण असते. घुशीला दाद न देणारे हे चिलखत खोदयंत्राच्या एका फटक्यासरशी चिरडते. तांब्याची तार पिळून जोडता येते. काचेची टोके मात्र विद्युत्-ज्योतीने वितळवून अचूक जुळवावी लागतात. बेताल खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, हे खुद्द केंद्र सरकारनेच २०२३ मध्ये सांगितले.

त्याच वर्षी २२ मार्चला ‘कॉल बिफोर यू डिग’ ही सोय सुरू झाली. खणणाऱ्याने आधी विचारावे, एवढीच तिची अपेक्षा आहे. परंतु खाली काय पुरले आहे याची नोंद कोणी ठेवलीच नसेल, तर विचारणाऱ्याला उत्तर तरी कोण देणार? भूमिगत वाहिन्यांचा एकच नकाशा महापालिकांनी सिद्ध करावा, एका गल्लीतील सर्व खात्यांची कामे पावसाळ्यापूर्वी एकाच वेळी उरकावीत आणि तोडणाऱ्या ठेकेदाराकडून भरपाई घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. नागरिकांनीही दारात पहार पडण्यापूर्वी परवानगीचा कागद मागावा. पोलादाचे चिलखत विकत मिळते. परस्परांना विचारून काम करण्याची शिस्त मात्र आपली आपणच अंगी बाणवावी लागेल.