ज्यातरंगापासून चौरस तरंग

बंगळूरच्या बसवनगुडी भागात, बुल टेंपल रोडवर, बी. एम. एस. अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याची स्थापना १९४६ सालची. तेथील प्रयोगशाळेत पुरविल्या जाणाऱ्या विजेचा दाब स्थिर नसतो. तो सेकंदास सुमारे ५० वेळा धन-ऋण होत डोलतो. त्याचा आलेख काढल्यास डोंगर व दरी यांची एक मऊ, अखंड रेषा उमटते. हाच ज्यातरंग. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली जाऊन दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकतालात आले. तेव्हापासून बसवनगुडी आणि सोलापूर येथील विजेचे डोलणे एकाच गतीने चालते. ही गती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या मर्यादेत राखावी, असा वीजजाळ्याचा नियम आहे.

आता ही गती मोजावयाची कशी? मोजणी करणाऱ्या मंडलाला डोंगराचा चढ-उतार कळत नाही. त्याला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच अवस्था कळतात. म्हणून ज्यातरंगाचा प्रथम चौरस तरंग करावा लागतो.

याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे डायोड. रोहित्राने २३० व्होल्टचा दाब ६ व्होल्टवर आणावा (घरातील वीज थेट मंडलाला कधीही जोडू नये, त्यात जिवास धोका आहे). या ६ व्होल्टच्या तरंगाचे शिखर सुमारे ८.५ व्होल्टचे असते. एक रोध आणि परस्परविरुद्ध दिशांनी जोडलेले दोन सिलिकॉन डायोड वापरले, की ०.६ व्होल्टच्या आसपास डायोड वाहू लागतात व शिखरे छाटली जातात. परंतु कडा तिरप्याच राहतात. उणे ०.६ पासून अधिक ०.६ व्होल्टपर्यंत पोहोचण्यास ०.४५ मिलिसेकंद लागतात. डोके छाटलेल्या डोंगराला भिंत म्हणता येत नाही.

दाब शून्याच्या वर गेला की ‘आहे’, खाली आला की ‘नाही’, असा तात्काळ निवाडा देणारा प्रवर्धक लावला, तर कड उभी होते. पण येथेच खरी अडचण उद्भवते. विजेच्या तरंगावर मोटारी व बटणे यांमुळे बारीक गोंगाट चढलेला असतो. शून्यरेषा ओलांडताना दाब क्षणभर वर-खाली थरथरतो आणि एका ओलांडणीच्या दोन-तीन नोंदी होतात. दर दहा सेकंदांस अशी एकच खोटी नोंद झाली, तरी शंभर सेकंदांत ४९९० ऐवजी ५००० आकडा येईल. मर्यादेच्या काठावर आलेले वीजजाळे मग अगदी ठाकठीक दिसेल!

यावरचा तोडगा ऑटो श्मिट या अमेरिकन संशोधकाने १९३४ साली, विद्यार्थिदशेत, शोधला व १९३८ साली निर्वात नलिकांच्या मंडलाच्या रूपाने प्रसिद्ध केला. माकूळ माशाच्या मज्जातंतूंतून संदेश कसा जातो, या अभ्यासातून त्याला ही कल्पना सुचली. जुन्या वाड्याची देवडी डोळ्यांपुढे आणावी. आतले दार ओलांडल्यावरच माणूस ‘आत आला’ असे लिहावे, आणि बाहेरचे दार ओलांडल्यावरच ‘बाहेर गेला’. देवडीत तो कितीही येरझारा घालो, वहीत काही चढत नाही. श्मिटच्या मंडलात निर्गत दाबाचा अल्प भाग प्रवेशाकडे परत आणलेला असतो. त्यामुळे अवस्था पालटताच उंबरठाही सरकतो. उंबरठे अधिक १ व उणे १ व्होल्टवर ठेवल्यास, दोन व्होल्टांहून कमी झेपेची थरथर निष्प्रभ ठरते. या गुणधर्मास मंदायन म्हणतात.

त्याची किंमतही मोजावी लागते. वरील तरंगात प्रत्येक कड सुमारे ०.४ मिलिसेकंद उशिरा उठते. उशीर प्रत्येक आवर्तनात सारखाच असल्याने गती मोजताना बिघडत नाही. मात्र दोन तरंगांचा ताल जुळवताना तो हिशेबात धरावाच लागतो.

आज ७४१४ या १४ पायांच्या संकलित मंडलात अशी सहा मंडले एकत्र मिळतात. त्याचे उंबरठे सुमारे १.७ व ०.९ व्होल्टवर असतात. त्याला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि प्रवेशाशी ऋण दाब सोसवत नाही. म्हणून त्याच्या आधी रोध व डायोड लावून तरंग छाटून घेण्याचे काम अजूनही करावेच लागते.