माहितीपुस्तिकेचा नवा वाचक

नवा मिक्सर घरी आला की त्याच्या खोक्यातील माहितीपुस्तिका बहुतेक घरांत न उघडताच कपाटाच्या खणात जाऊन पडते. बटण कोठे आहे ते दिसतेच, उरलेले सवयीने कळते. संगणकाच्या क्षेत्रातही चित्र फारसे निराळे नव्हते. सॉफ्टवेअरसोबतचे माहितीपर लेखन म्हणजे काम संपल्यावर उरकावयाची कटकट, अशीच प्रोग्रॅमर मंडळींची समजूत. अलीकडे मात्र या लेखनाला असा एक वाचक लाभला आहे, की जो कामाला हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी ते वाचतो आणि त्यात जे लिहिले असेल ते खरे मानून चालतो. हा वाचक म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा ‘एजंट’. ‘अमुक तारखेचे तिकीट पाहून दे’ असे साध्या भाषेत सांगितले की स्वतः ब्राउझर उघडून संकेतस्थळे धुंडाळणारा, अर्ज भरणारा, बटणे दाबणारा प्रोग्रॅम.

ब्राउझर माणसाविना चालवण्याची साधने तशी नवी नाहीत. २००४ साली शिकागोमध्ये ‘थॉटवर्क्स’ कंपनीतील जेसन हगिन्स यांनी कंपनीच्या अंतर्गत वापराच्या एका प्रणालीची चाचणी घेण्यासाठी ‘सेलेनियम’ तयार केले. (त्या वेळी ‘मर्क्युरी’ नावाच्या कंपनीचा या क्षेत्रात दबदबा होता आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा मानला जातो, नावामागचा विनोद एवढाच.) पुढे २०१७ मध्ये गुगलचे ‘पपेटिअर’ आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘प्लेराइट’ आले. या साऱ्यांचा वापरकर्ता होता चाचणी घेणारा अभियंता. माहितीत काही त्रुटी राहिली तर तो शेजारच्या टेबलावर विचारी, चार वेळा चुके आणि पाचव्यांदा शिके. लिहिणाऱ्याने गाळलेल्या जागा वाचणारा भरून काढीत असे.

एजंटाच्या बाबतीत ही सोय उरत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अँथ्रॉपिक’ने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा संकेत जाहीर केला आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यानुसार प्लेराइट एजंटांच्या हाती दिले. या रचनेत प्रत्येक कृती हे एक स्वतंत्र अवजार असते. पान उघडणे, क्लिक करणे, मजकूर भरणे, एखादा शब्द पडद्यावर उमटेपर्यंत थांबणे, असे प्रत्येकाचे अवजार वेगळे. अवजाराचे नाव, एक-दोन ओळींचे वर्णन आणि त्याला पुरवावयाच्या माहितीची यादी एवढेच साधारणतः एजंटापर्यंत पोहोचते. आतील प्रोग्रॅम त्याला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने वर्णन हेच अवजार!

प्लेराइटमधील दोन अवजारे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. एक पानाचा स्क्रीनशॉट घेते, म्हणजे निव्वळ चित्र. दुसरे घेते ‘स्नॅपशॉट’. हा पानाचा शब्दांतील आराखडा होय: येथे बटण आहे, त्याचे नाव हे, येथे चौकट आहे, तिच्यात मोबाइल क्रमांक भरावयाचा. प्रत्येक घटकाला एक खूणक्रमांकही असतो. नावे इतकी सारखी, की घोटाळा व्हावाच. म्हणून स्क्रीनशॉटच्या वर्णनातच बजावले आहे, की या चित्रावरून कृती करता येणार नाही, त्यासाठी स्नॅपशॉट घ्यावा. माणूस हे एकदा ठेचाळून शिकला असता. एजंट मात्र बहुधा प्रत्येक नव्या कामाला कोऱ्या पाटीने येतो, म्हणून ती ओळ तेथे असावीच लागते.

हा आराखडा मुळात दृष्टिहीन वापरकर्त्यांच्या स्क्रीन रीडरसाठी ब्राउझर तयार करीत असतो. बटणांना नावे न देणारी संकेतस्थळे त्यांना वर्षानुवर्षे अडवीत आली. आता तेच बिननावाचे बटण एजंटालाही अडवते. माणसांच्या तक्रारीने जे हलले नाही ते यंत्राच्या गैरसोयीने हलले, तर आनंद मानावा की खंत करावी, हा प्रश्नच आहे.

चुकीची किंमत येथे खरी असते. समजा, पैसे भरण्याचे बटण दाबल्यावर पान हळू चालले आहे. उत्तर येईपर्यंत थांबावे हे एजंटाला कोठेच सांगितलेले नसेल, तर तो पुन्हा क्लिक करील आणि एकाऐवजी दोन तिकिटांचे पैसे जातील. पान बदलल्यावर जुने खूणक्रमांक निरुपयोगी ठरतात. अशा वेळी ‘त्रुटी आढळली’ एवढाच संदेश दिला तर एजंट चाचपडत बसतो. ‘हा घटक आता सापडत नाही, नवा स्नॅपशॉट घ्या’ असे सांगितले तर मार्गी लागतो. त्रुटीचा संदेश हाही आता माहितीपुस्तिकेचाच भाग झाला आहे. सारेच सविस्तर लिहावे म्हटले तरी अडचण येते, कारण सगळ्या अवजारांची वर्णने एजंटाच्या मर्यादित स्मृतीत जागा अडवतात आणि मूळ कामावरचे त्याचे लक्ष पातळ होते.

याहून गंभीर बाब विश्वासाची. अवजार केवळ पाहते की काही बदलते, हे वर्णनासोबत नोंदवण्याची सोय या संकेतात आहे. मात्र अनोळखी ठिकाणाहून आलेल्या अवजाराच्या अशा नोंदीवर विसंबू नये, असेही त्यातच म्हटले आहे. कारण उघड आहे. जो प्रत्येक ओळ आज्ञा समजून वाचतो, त्याच्यासाठी आज्ञा लपवणे सोपे. एप्रिल २०२५ मध्ये ‘इन्व्हेरिअंट लॅब्ज’च्या संशोधकांनी हे दाखवून दिले. निरुपद्रवी भासणाऱ्या अवजाराच्या वर्णनात दडवलेल्या सूचनांमुळे एजंट वापरकर्त्याच्या खासगी फाइली बाहेर पाठवू शकत होता. वापरकर्त्याला पडद्यावर सुटसुटीत नाव दिसे. पूर्ण वर्णन फक्त एजंट वाचत होता.

यावर उपाय म्हणून क्लिक करण्यापूर्वी माणसाची परवानगी घेण्याची पद्धत आहे. प्लेराइटचे क्लिकचे अवजार घटकाच्या खूणक्रमांकाबरोबरच त्याचे माणसाला समजेल असे वर्णनही मागते, ते याच परवानगीसाठी. मात्र क्लिक होतो तो खूणक्रमांकावर, आणि परवानगी मागताना दाखवले जाणारे वर्णन एजंटाने स्वतः लिहिलेले असते. चौकटीत ‘पुढील पान’ असे लिहून आले आणि खूणक्रमांक पैसे भरण्याच्या बटणाचा असला, तर ‘हो’ म्हणणाऱ्याला त्या ओळीवरून ते कळणार नाही.